झडती आणि उमज

संध्यावंदनाच्या आरंभी केशवापासून कृष्णापर्यंत चोवीस नावे घेण्याचा प्रघात आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. ही नावे चोवीसच का, असा प्रश्न लहानपणी आम्ही घरातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांना केला होता. "मोजून पाहा," एवढेच त्यांनी उत्तर दिले. ते उत्तर आम्हाला त्या वेळी टाळाटाळीचे वाटले. पुढे मूर्तिशास्त्राशी थोडीबहुत ओळख झाली, तेव्हा त्याचा अर्थ ध्यानात आला. विष्णूचे हात चार आणि आयुधेही चार : शंख, चक्र, गदा व पद्म. पहिल्या हातात चारांपैकी कोणतेही एक, दुसऱ्यात उरलेल्या तिहींपैकी एक, तिसऱ्यात दोहोंपैकी एक आणि चौथ्यात जे उरेल ते. असे क्रम चोवीसच होतात आणि त्या प्रत्येक क्रमाला मूर्तिशास्त्राने एकेक नाव दिले आहे.

भास्कराचार्यांनी 1150 साली रचलेल्या 'लीलावती'च्या अंकपाश प्रकरणात हेच उदाहरण घेतले आहे. आणि त्याच्याच जोडीला शंभूच्या दहा हातांचेही. पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, शूल, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य ही दहा आयुधे दहा हातांत आलटून पालटून धरल्यास मूर्तिभेद किती? उत्तर 36,28,800. एखादा मूर्तिकार रोज एक मूर्ती घडवू लागला, तर त्याला ही गणती पुरी करण्यास साडेनऊ हजारांहून अधिक वर्षे लागतील. आचार्यांनी मूर्ती घडवल्या नाहीत, आणि मांडून पाहिल्याही नाहीत. त्यांनी गुणाकाराचा नियम जाणला, आणि तो जाणल्यावर मोजण्याचे कारणच उरले नाही.

सत्यापर्यंत पोचण्याचे हे दोन मार्ग आहेत. जेवढ्या शक्यता असतील तेवढ्या एकामागून एक तपासायच्या, हा एक. आणि त्या साऱ्यांच्या मुळाशी असलेले कारण ओळखायचे, हा दुसरा. पहिल्याला आम्ही झडती म्हणतो व दुसऱ्याला उमज. संगणकशास्त्रात पहिल्या मार्गाला 'ब्रूट फोर्स' असे नाव आहे, म्हणजे निव्वळ पशुबळ. नावातच तुच्छता भरलेली आहे. ती तुच्छता कितपत न्याय्य आहे, आणि झडतीने हाती आलेल्या सत्यावर माणसाने कितपत विसंबावे, एवढाच प्रश्न आज विचारासाठी घेतला आहे.

प्रथम झडतीच्या सामर्थ्याची मर्यादा पाहू. सेकंदाला शंभर कोटी क्रम तपासणारे यंत्र आपल्यापाशी आहे असे धरा. शंभूचे दहा हात ते डोळ्याचे पाते लवण्याच्या आत संपवील. सप्तशृंगीची देवी अठरा हातांची आहे. तिच्या आयुधांचे सारे क्रम तपासण्यास त्याच यंत्राला सुमारे 74 दिवस लागतील. हात वीस कल्पिले, तर 77 वर्षे. आणि पंचवीस कल्पिले, तर सुमारे 49 कोटी वर्षे! यंत्र हजारपट वेगवान केले तर काम भागेल असे कोणास वाटेल. पण हात तीनच वाढवले, तरी क्रमांची संख्या साडेएकोणीस हजार पटींहून अधिक वाढते आणि वेगाचा सारा लाभ बुडून जातो. हा दोष यंत्र घडवणाऱ्यांच्या कसबाचा नव्हे. शक्यतांच्या गुणाकाराचा तो स्वभावच आहे. म्हणूनच 1997 साली बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्ह ज्याच्यापुढे हरला, त्या 'डीप ब्लू'नेदेखील खेळाच्या अखेरपर्यंतच्या साऱ्या शक्यता पाहिल्या नव्हत्या. ते यंत्र सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासत असे. परंतु कोणत्या वाटेने किती खोल जावे आणि कोठे थांबावे, याचे तारतम्य त्याला माणसांनीच शिकवले होते.

असे असता झडतीला हिणवून मोकळे व्हावे, असा मोह होतो. तो आम्हाला आवरावा लागतो, आणि त्याला कारण आमच्याच व्यवसायातले दोन गृहस्थ आहेत. फ्रान्सिस गथ्री हा लंडनचा विद्यार्थी; 1852 साली त्याने कायद्याची पदवी घेतली. इंग्लंडच्या नकाशातील परगणे रंगवताना त्याच्या ध्यानात आले की, लगतच्या दोन परगण्यांना एकच रंग येऊ द्यायचा नसेल, तर चार रंग पुरतात. कोणत्याही नकाशाला चार पुरतातच का? हा प्रश्न त्याच्या भावाने त्याच वर्षी द मॉर्गन या गणितज्ञापुढे ठेवला. पुढे 1879 साली आल्फ्रेड केम्प याने त्याची सिद्धता प्रसिद्ध केली. हा केम्प पेशाने बॅरिस्टर, आणि धर्मपीठांच्या कायद्याचा जाणकार. त्याची सिद्धता आटोपशीर होती, सुंदर होती, वाचणाऱ्याला पटत होती. अकरा वर्षे ती विद्वानांत मान्य राहिली. 1890 साली हीवुड याने दाखवून दिले की, तीत एक प्रसंग तपासावयाचा राहूनच गेला आहे. केम्पला उमज होती. त्याची एक कल्पना तर पुढच्या सर्व संशोधनाचा पाया ठरली. उणीव होती ती झडतीची.

शेवटी 1976 साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातील ॲपेल आणि हाकेन यांनी हा प्रश्न सोडवला. नकाशे अनंत, तेव्हा ते एकेक करून तपासणे शक्यच नव्हते. त्यांनी आधी तर्काने असे दाखवले की, सुमारे दोन हजार ठराविक रचनांचा निकाल लागला की साऱ्या नकाशांचा निकाल लागला. मग त्या रचना त्यांनी संगणकाकडून तपासून घेतल्या, आणि त्यात यंत्राचे हजारांहून अधिक तास खर्ची पडले. अनंताला दोन हजारांवर आणणे हे उमजेचे काम, आणि त्या दोन हजारांतून एकही न वगळणे हे झडतीचे. तरीही अनेक गणितज्ञ रुष्ट झाले. जी सिद्धता कोणीही माणूस आरंभापासून शेवटपर्यंत वाचू शकत नाही, तिला सिद्धता म्हणावे कसे, असा त्यांचा आक्षेप होता. 1997 साली इतर चौघांनी रचनांची संख्या 633 वर आणली, आणि 2005 साली गोंतिए याने तर्काची पायरीन् पायरी संगणकाकडून पडताळून घेतली. निकालाविषयी शंका उरली नाही. आक्षेप मात्र उरलाच. कारण तो निकालावर नव्हताच, कारण न कळण्यावर होता.

येथे आमचा एक अनुभव सांगणे अप्रस्तुत होणार नाही. वकिलीच्या उमेदवारीच्या काळात सीमाभागातील एका देवस्थानच्या पालखीच्या मानाचा दावा आमच्या ज्येष्ठांकडे आला होता. दोन घराण्यांत वाद होता, आणि पुरावा म्हणून देवस्थानच्या मोडी कीर्दींचे गाठोडे होते. आम्ही चार-दोन वह्या चाळल्या, दर तीन वर्षांनी मानकरी बदलतो असा नियम बसवला आणि त्यावरून आमच्या पक्षकाराचा मान बिनतोड सिद्ध केला. ज्येष्ठांच्या कचेरीतील वृद्ध कारकुनांनी ते ऐकून घेतले आणि शांतपणे म्हटले, "वकीलसाहेब, नियम छान आहे, पण उरलेल्या वह्यांनी तो ऐकला आहे का?" त्यांनी सतरा दिवस बसून एकूणएक पान उलटले. एका दुष्काळी वर्षी उत्सवच झाला नव्हता. त्या वर्षाने आमचा क्रम मोडला होता, आणि मान विरुद्ध बाजूच्या घराण्याकडे जात होता. ज्येष्ठांनी पक्षकाराला बोलावून तडजोड करवली. आमच्या त्या देखण्या नियमाच्या बळावर दुसऱ्या घराण्याचा पिढीजात हक्क बुडाला असता, ही जाणीव आम्हाला आजही बोचते. झडतीला पशुबळ म्हणणारांनी त्या वृद्ध कारकुनांचे सतरा दिवस आठवावेत. एकही पान वगळणार नाही या निश्चयात बुद्धीची चमक नसेल, परंतु नम्रता असते. आणि ती नम्रता हाही एक नीतिधर्मच आहे.

तथापि दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. बौधायनांच्या शुल्बसूत्रांत वेदी आखण्यासाठी 3, 4, 5 किंवा 5, 12, 13 अशी संख्यांची त्रिकुटे वापरली आहेत. त्यांतील लहान दोन संख्यांच्या वर्गांची बेरीज मोठीच्या वर्गाएवढी असते. आता एकापासून पुढच्या प्रत्येक संख्येला तांबडा किंवा निळा रंग द्यावयाचा, आणि कोणतेही त्रिकूट एकरंगी होऊ द्यायचे नाही, असा पण लावला तर तो कोठवर निभेल? 2016 साली ह्यूल, कुलमान आणि मारेक या तिघांनी उत्तर दिले : 7,824 पर्यंत निभतो, 7,825 ला मोडतो. रंगांच्या एकूण शक्यता 2,300 हून अधिक आकडी संख्येएवढ्या होत्या. त्यांनी तर्काने त्या एक लक्ष कोटींच्या आत आणल्या आणि टेक्सास विद्यापीठातील महासंगणकाने 800 प्रक्रियकांवर दोन दिवसांत त्या संपवल्या. ही सिद्धता सुमारे 200 टेराबाइटांची झाली. सेकंदाला वीस अक्षरे या वेगाने कोणी न थांबता वाचीत बसला, तर त्याला तीन लाख वर्षे लागतील. निकाल खरा आहे. पण 7,825 लाच पण का मोडतो, या 'का'चे उत्तर त्या दोनशे टेराबाइटांत कोठेही नाही.

मग अशा निकालावर विसंबावे की नाही? या ठिकाणी आमच्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील एक साधा नियम आम्हाला मार्गदर्शक वाटतो. विसाव्या आदेशाचा चौथा नियम सांगतो की, न्यायनिर्णयात प्रकरणाची थोडक्यात हकीकत, निर्णयाचे मुद्दे, त्यांवरील निर्णय आणि त्या निर्णयाची कारणे ही असली पाहिजेत. मात्र लघुवाद न्यायालयाला त्याच नियमाने सूट दिली आहे. तेथे मुद्दे आणि निर्णय एवढे पुरे, कारणे न दिली तरी चालतात. कायद्याने कारणांची महती नाकारली नाही. वादाच्या वजनाप्रमाणे कारणांचे ऋण कमी-अधिक ठरवले. हरलेल्या पक्षाला आपण का हरलो हे कळले पाहिजे, नाहीतर अपील करावे तरी कशावर?

संख्यांना रंग देण्यात कोणाचे काही बुडत नाही. तेथे झडतीचा निकाल लघुवादाच्या निकालाप्रमाणे खुशाल स्वीकारावा आणि कारणाचा शोध पुढील पिढ्यांवर सोपवावा. पण आता हीच यंत्रे असंख्य उदाहरणे चाळून माणसाविषयी निकाल देऊ लागली आहेत : कोणाला कर्ज द्यावे, कोणाचा अर्ज बाजूला ठेवावा, कोणावर संशय घ्यावा. येथे वाद लहान नाही. शिवाय ही झडती पुरीही नसते. चार-दोन वह्यांवरून बसवलेल्या आमच्या नियमासारखाच तोही एक नियम असतो, फक्त वह्या कोट्यवधी असतात. ज्या माणसाचा अर्ज नामंजूर झाला, त्याला "यंत्राने सारे तपासले" हे उत्तर नव्हे. त्याला कारण देणे लागते, आणि ते कारण समजून घेऊन त्याखाली सही करणारा कोणीतरी माणूस लागतो. ज्याला निर्णय उमजला नाही त्याने त्यावर सही करू नये, आणि ज्याने सारी पाने पाहिली नाहीत त्याने आपल्या उमजेची ग्वाही देऊ नये, असा दुहेरी निर्बंध आम्ही स्वतःपुरता तरी पाळत आलो आहोत.

"मोजून पाहा" असे सांगणाऱ्या त्या वडीलधाऱ्यांना चोवीसाचे कारण ठाऊक होते की नव्हते, हे आम्ही त्यांना विचारले नाही. आता ते विचारण्याची सोयही उरली नाही. परंतु त्यांच्या सांगण्याप्रमाणे आम्ही त्या दिवशी पाटीवर चारही आयुधांचे क्रम खरोखरच मांडून पाहिले होते. बाराव्या-तेराव्या क्रमाला आले तेव्हा प्रत्येक वेळी पहिल्या हातात तेच आयुध सहा वेळा येते आहे, असे आमच्या ध्यानात आले आणि उरलेले क्रम न मांडताच संख्या कळली. तरी पाटी आम्ही पुरी भरली, आणि मगच पुसली.