निळ्याला वेळ देऊ नकोस

चि. सई,



परवा फोनवर तुझा आवाज पडलेला वाटला. दोन महिने खपून बनवलेला रेणू सुरेख निळा उजळला आणि काही तासांत मंदावला. "सगळं वाया गेलं आबा," असं तू म्हणालीस. ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

आधी आजीचा जुना फोन कपाटातून काढला. पाच वर्षं तो रोज तिच्या हातात होता. पडदा पूर्ण पांढरा करून माझ्या नव्या फोनशेजारी ठेवला, तर तो जुन्या धोतरासारखा पिवळसर दिसतो. तिथे पिवळा कुणी मिसळलेला नाही, निळा तेवढा झिजला आहे. मग घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग लावून पाहिलं. हिरवे ठिपके बारीक, तांबडे थोडे मोठे आणि निळे सगळ्यांत मोठे. ठिपका मोठा केला की तेवढ्याच उजेडासाठी एकेका रेणूवर भार कमी पडतो. निळा टिकत नाही म्हणून पडदा बनवणाऱ्यांनी त्याला जागाच जास्त देऊन ठेवली आहे. तू ज्याच्यापाशी अडलीस, तिथे सगळी दुनिया अडली आहे, पोरी.

1987 साली रॉचेस्टरला, ईस्टमन कोडॅकमध्ये, चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी कमी व्होल्टेजवर चालणारा ओएलईडी, म्हणजे या पडद्यांतला सेंद्रिय रेणूंचा दिवा, करून दाखवला. तो हिरवा होता. त्या फ्लुओरोसंट पद्धतीत विजेने चेतवलेल्या दर चार अवस्थांपैकी सिंगलेट ही एकच उजेड देते, उरलेल्या तीन ट्रिपलेट जवळजवळ फुकट जातात. 1998 मध्ये फॉरेस्ट आणि थॉम्पसन यांच्या गटाने प्लॅटिनमचा जड अणू रेणूत बसवून त्या तिघींनाही उजेड द्यायला लावलं. हीच फॉस्फोरेसंट पद्धत. पुढे इरिडियम आलं. तांबडा आणि हिरवा त्या वाटेने बाजारात गेले. निळा मात्र बहुतेक फोनमध्ये अजून जुन्याच फ्लुओरोसंट पद्धतीचा आहे.

याचं कारण तू शिकली आहेस, तरी हिशेब पुन्हा मांडतो. 620 नॅनोमीटरच्या तांबड्याला 2 इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात, 460 च्या निळ्याला 2.7 लागतात. या रेणूंतले कार्बन-नायट्रोजनसारखे नाजूक बंध तीनच्या आसपास तुटतात. म्हणजे एकटी निळी ट्रिपलेट काठावर उभी असते. सिंगलेट काही नॅनोसेकंदांत मोकळी होते, ट्रिपलेट मात्र मायक्रोसेकंद रेंगाळते. तेवढ्यात तिला दुसरी ट्रिपलेट किंवा एखादा विद्युतभार गाठतो, दोघांची ऊर्जा एकत्र येते आणि बंध तुटतो. त्यात दुष्काळात तेरावा महिना असा, की तुटलेले तुकडे शेजारच्या धडधाकट रेणूंचीही ऊर्जा गिळतात.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की बंध मजबूत करण्याआधी रेंगाळणं कमी कर. 2012 मध्ये क्यूशू विद्यापीठात अदाची यांच्या गटाने दोन्ही अवस्थांमधलं ऊर्जेचं अंतर इतकं कमी केलं, की खोलीच्या उष्णतेनेही ट्रिपलेट परत सिंगलेट होते. जड धातू लागतच नाही. 2016 मध्ये हाताकेयामांनी बोरॉन आणि नायट्रोजन एकाच ताठ, सपाट सांगाड्यात गुंफून फार शुद्ध निळा मिळवला. माझ्या पाहण्यातला तो सर्वांत देखणा रेणू. पण त्यात ट्रिपलेटचं परतणं सावकाश होतं आणि वाट पाहण्याचं दुखणं तसंच राहिलं.

तुझ्यासाठी मोलाचं काम मात्र 2014 चं आहे. मिशिगनमध्ये फॉरेस्ट यांच्या गटाने थरात निळ्या रेणूंचं प्रमाण एका बाजूकडून दुसरीकडे उतरतं ठेवलं, त्यामुळे चेतलेल्या अवस्था एका जागी न दाटता पसरल्या. आयुष्य दसपटीने वाढलं. तेव्हा तुझ्या रेणूला दोष देण्याआधी थराकडे बघ. निळा ज्यात मिसळतेस त्या यजमान रेणूची ट्रिपलेट पातळी निळ्याहून वर आहे ना? प्रमाण बदलून पाहिलंस का? हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम घालायचा उपायही आहे. बंध त्याने सावकाश तुटतो, पण तो शेवटी कर.

शोधनिबंधांत कार्यक्षमतेचा आकडा पहिल्या पानावर मिरवतो आणि आयुष्याचा आकडा पुरवणीत दडतो, हे मला पटत नाही. दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत: कमी विजेत तेवढाच उजेड मिळाला, तर थर कमी थकतो. 2025 मध्ये एलजी डिस्प्लेने निळा फॉस्फोरेसंट व्यापारी पडद्याच्या पायरीवर आणला, वीज सुमारे 15 टक्के वाचवली. पण त्यातला निळा दोन मजली आहे. वरच्या मजल्यावर फॉस्फोरेसंट, खाली तोच जुना भरवशाचा फ्लुओरोसंट. अजून एकट्या नव्यावर सगळा भार टाकलेला नाही.

तुझ्या रेणूच्या मंदावलेल्या त्या काचपट्ट्या टाकू नकोस. त्यांचा वर्णपट नव्या पट्टीच्या वर्णपटाशेजारी ठेवून बघ, ट्रिपलेट किती काळ जगते ते मोज. आकडा आला की रविवारी फोन कर. आजीने मेतकूट केलंय, पुढच्या आठवड्यात कुरिअरने पाठवतो.

तुझे आबा