बदली माणूस : ‘हेअर’ या संगीतपटातील नैतिक पेच

एका माणसाची जागा दुसऱ्याने घेता येते का, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न मिलॉश फोरमन या चेक दिग्दर्शकाच्या ‘हेअर’ (१९७९) या संगीतपटात व्हिएतनाम युद्धाच्या काळातील अमेरिकी सक्तीच्या सैन्यभरतीच्या निमित्ताने पुन्हा उभा राहतो. १९६७ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलेल्या मूळ संगीतिकेत क्लॉड हा तरुण स्वतःच युद्धावर जाऊन मारला जातो. चित्रपटात मात्र त्याच्या जागी बर्गर हा त्याचा मित्र मरतो, आणि कथेला तात्त्विक वजन येते ते या बदलामुळेच.

ओक्लाहोमाहून भरतीसाठी न्यूयॉर्कला आलेला क्लॉड सेंट्रल पार्कमधील हिप्पींच्या टोळक्यात मिसळतो, सधन घरातील शीलाच्या प्रेमात पडतो आणि तरीही हुकूम मानून नेवाडातील लष्करी तळावर दाखल होतो. त्याला शीलाच्या सहवासात काही तास घालवता यावेत म्हणून बर्गर आपले लांब केस कापतो, गणवेश चढवून तळात शिरतो आणि त्याच्या जागी थांबतो. परंतु तेवढ्यातच तुकडीला व्हिएतनामला निघण्याचा हुकूम सुटतो आणि ही अदलाबदल कोणाच्याही ध्यानात न येता भेदरलेला बर्गर इतरांबरोबर विमानात चढवला जातो. केस उतरले, गणवेश चढला, की सैन्याच्या लेखी हा कोण आणि तो कोण हा प्रश्नच उरत नाही.

इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली किंमत आणि प्रतिष्ठा यांत जो भेद केला, तो येथे उपयोगी पडतो : जिच्या बदल्यात तेवढ्याच मोलाची दुसरी वस्तू चालते, तिला किंमत असते, आणि जिला असा पर्यायच संभवत नाही, तिला प्रतिष्ठा असते. अमेरिकी यादवी युद्धातील १८६३ च्या भरती कायद्याने बदली माणूस देऊन किंवा ३०० डॉलर भरून सुटका करून घेण्याची मुभा दिली होती, म्हणजे ही किंमत उघडपणे ठरवली होती. व्हिएतनामच्या काळात तशी खरेदी बंद झाली असली, तरी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या तहकुबीमुळे भरतीचा भार शिक्षणाची संधी नसलेल्यांवर अधिक पडत राहिला. प्रेमाची दृष्टी याच्या नेमकी उलट असते, कारण शीलाला क्लॉडच्या जागी दुसरा कोणी चालणार नसतो. पेच असा, की या अनन्य प्रेमाखातर बर्गर जी युक्ती योजतो, ती माणसाऐवजी माणूस चालतो या सैन्याच्याच गृहीतावर उभी असते.

बर्गरच्या मृत्यूला हौतात्म्य म्हणता येत नाही, कारण हौतात्म्यात मरण जाणून पत्करलेले असते आणि त्याने पत्करला होता तो फार तर पकडले जाण्याचा धोका. त्याला निव्वळ अपघात म्हणणेही अपुरे आहे, कारण ज्या व्यवस्थेला केवळ संख्या पुरी करायची असते, तिच्यात असे घडण्याला आधीच वाव ठेवलेला असतो. दुसऱ्याचा धर्म, म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याचे कर्तव्य, भयावह असते असे गीतेचा तिसरा अध्याय सांगतो. परंतु क्लॉडच्या वाट्याला आलेले सैनिकपणही कायद्याने लादलेले असल्यामुळे ते त्याचा तरी स्वधर्म होता का, ही शंका राहतेच.

अखेरीस आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत बर्गरच्या कबरीभोवती त्याचे मित्र जमतात आणि चित्रपट वॉशिंग्टनमधील युद्धविरोधी जनसमुदायाकडे वळतो. हे वळण तर्काला धरून आहे : भरतीची संख्या ठरलेली असेल, तर एकाची सुटका म्हणजे दुसऱ्याची रवानगी, आणि म्हणून प्रेमाने किंवा मैत्रीने शोधलेली कोणतीही खाजगी वाट हा हिशेब मिटवू शकत नाही. निषेधाला नैतिक अर्थ येतो तो याच ठिकाणी, कारण क्लॉडला सोडा एवढीच मागणी अपुरी ठरते, आणि जी जागा भरण्यासाठी कोणीतरी लागणारच असते, ती जागाच नको, असे म्हणणे भाग पडते.