काटकसरीचा धूर

परवां एका स्नेह्यानें विचारलें, "मोटार घ्यावयाची आहे, डिझेलची घ्यावी कीं पेट्रोलची?" लांबच्या प्रवासास डिझेल कमी लागतें, म्हणून त्याचा कल तिकडे होता. काटकसर हा सद्गुण खरा. परंतु जिचा लाभ एकास व झळ दुसऱ्यास, तिला सद्गुण म्हणावें काय?

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानें १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें आपलें इंजिन यशस्वी करून दाखविलें. हवा इतकी दाबावयाची कीं तिच्याच उष्णतेनें तेल पेटावें, ठिणगीची गरज उरूं नये, ही त्याची युक्ति. वाफेच्या यंत्रांत बहुतेक उष्णता वायां जाई. या इंजिनानें सुमारें चतुर्थांश कामीं लावली. लहान कारागिरानें मोठ्या कारखानदारापुढें टिकावें, ही त्याची आकांक्षा होती. आपल्याकडेहि याच इंजिनानें शेतकऱ्यांच्या विहिरी उपसल्या.

परंतु त्याच प्रखर उष्णतेंत नायट्रोजनचीं ऑक्साइडें निर्माण होतात, आणि तेल हवेंत नीट न मिसळल्यास काजळी उरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं हा धूर कर्करोगकारक ठरविला. २०१५ सालीं तर उघडकीस आलें कीं, फोक्सवागनच्या लक्षावधि डिझेल मोटारी परीक्षेपुरत्याच स्वच्छ वागत. सज्जनपणा केवळ परीक्षकासमोर!

धूर गाळण्याचीं साधनें आहेत, पण त्यांनीं मोटारीची किंमत चढते. भारतांत २०२० सालीं कडक नियम येतांच मारुति सुझुकीनें डिझेल मोटारी बनविणें सोडलें. उलट पेट्रोलच्या इंजिनानें इंधन थेट सिलिंडरांत फवारण्याची प्रतिस्पर्ध्याची रीत उचलली. त्याबरोबर सूक्ष्म कणांचा दोषहि कांहीं अंशीं आला. तेव्हां एकास पापी व दुसऱ्यास पुण्यवान ठरवून आपली सुटका नाहीं.

अवजड मालमोटारी, जहाजें, ट्रॅक्टर यांचें डिझेलवांचून आणखी कांहीं काळ भागणार नाहीं. तेथें त्याची काटकसर सर्वांच्या भाकरीस लागते. शहरांत एकट्यानें फिरणाराची गोष्ट निराळी. स्नेह्यास मीं एवढेंच म्हटलें, "वांचलेले पैसे अवश्य मोजा, पण त्याच पानावर रस्त्याकडेला उभ्या असलेल्या पोराचा श्वासहि मांडा. आपल्या वहींत न दिसणारा खर्च कोणाला तरी भरावाच लागतो." तो अद्यापि विचार करीत आहे.