कुणाची सीट?

अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेले एक गृहस्थ अकरावीचं जीवशास्त्र चाळत होते. "कितवीला आहे मुलगा?" दुकानदाराने विचारलं. "माझ्यासाठीच हवंय. नीट द्यायचीय." मागून एक काका पुटपुटले, "या वयात कशाला एखाद्या पोराची सीट अडवायची?"

ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

नीटसाठीची पंचविशीची वयोमर्यादा २०२२मध्ये उठली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण वयाची अट निराळी आणि वेळेची निराळी. १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचा हात बसतो तो रोजच्या सरावाने, आणि सराव करणाऱ्याला ताट वाढून मिळतं, असं ही परीक्षा धरूनच चालते. घराचे हप्ते फेडणारा माणूस 'रोटेशनल मोशन' उघडतो ते रात्री दहानंतर. ही अट कुठल्याच राजपत्रात नाही, म्हणून ती उठवताही येत नाही.

काकांचा हिशेब सरळ: अठराव्या वर्षी आलेला चाळीस वर्षं रुग्ण तपासेल, पस्तिशीत आलेला जेमतेम वीस. मला लगेच रखमाबाई आठवल्या. बालपणीच्या लग्नावरून झालेला गाजलेला खटला निस्तरून १८८९मध्ये त्या लंडनला गेल्या, तेव्हा पंचविशीला टेकल्या होत्या. १८९४मध्ये डॉक्टर झाल्या आणि सुरत-राजकोटात काही दशकं बायकांची दुखणी पाहत राहिल्या. (भाऊ दाजी तर एल्फिन्स्टनमधली मास्तरकी सोडून १८४५मध्ये नव्याकोऱ्या ग्रँट मेडिकलच्या बाकावर विद्यार्थी म्हणून बसले.)

काकांना गप्प करायला एवढं पुरेल असं वाटलं होतं. पण रखमाबाई देणग्यांवर शिकल्या. आपली सरकारी सीट करदात्याच्या पैशावर चालते. तेव्हा वर्षं मोजणं काही गैर नाही. खटकतं ते एकट्या पस्तिशीवाल्याचीच मोजणं. अठराव्या वर्षी शिरलेला चाळीस वर्षं इथेच रुग्ण तपासेल, की परीक्षा देऊन परदेशी जाईल, याचा जामीन कोण?

म्हणून निघालो होतो वयाची बाजू घ्यायला आणि आता सरकारी सेवेचा बाँड वाढवा म्हणतोय. सध्याचं एक वर्ष फारच थोडं. सरकारी सीट घेणाऱ्या प्रत्येकाकडून, वय न विचारता, तालुक्याच्या रुग्णालयातली पाच वर्षं लिहून घ्यावीत. चालती नोकरी सोडून आलेला सही करेल, असा माझा अंदाज आहे. बारावीतून थेट आलेल्याच्या घरी मात्र आधी बैठक बसेल.