पोटाखालचा हात

विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला सुका भोपळा किंवा बंद पत्र्याचा डबा बांधतात. भीती मोडली की तो सोडतात, आणि सोडलाय हे शिकणाऱ्याला ठाऊक असतं. तलावात मात्र पोटाखाली हात असतो. ‘धरलंय, घाबरू नकोस,’ म्हणत शिकवणारा तो गुपचूप काढून घेतो. हे खोटं माफ करावं का?

त्याच्या बाजूचा युक्तिवाद सोपा आहे. छातीत हवा भरलेली असेल तर बहुतेकांचं शरीर पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं, ते तरंगतं. घाबरून श्वास सोडला, डोकं वर काढलं, की पाय खाली जातात. म्हणजे बुडवते ती भीती. मग तिला घालवणारं खोटं हिताचंच.

मला हे पुरतं पटत नाही. त्या खोट्याने विश्वास बसतो तो हातावर, पाण्यावर नव्हे. हात नव्हताच हे कळल्यावर काही जण हसतात. काही पुन्हा कुणाच्याच हाती अंग सोडत नाहीत. मी दोन्ही पाहिलेत. ‘आता सोडतोय, इथेच उभा आहे,’ असं सांगून सोडायला चार दिवस जास्त लागतील. पण मग तरंगणं शिकणाऱ्याचं स्वतःचं असेल, आणि शिकवणाऱ्याचा शब्दही शाबूत राहील.