घरबशा बाप

पुरुषास लाज वाटावी म्हणून आपल्या भाषेने जे शब्द घडविले, त्यांत ‘घरबशा’ हा एक आहे. घरी राहणाऱ्या स्त्रीस हा शब्द सहसा कोणी लावीत नाही. तिचे घरी असणे गृहीतच असते. परंतु पत्नी नोकरीस जात असता एखादा धडधाकट पुरुष घरी राहून, मुलांचा घोडा होऊन अंगणात रांगू लागला, की शेजारच्या खिडक्या किलकिल्या होतात. हा बाप काही मोलाचे कार्य करीत आहे, की केवळ कर्तव्य चुकवीत आहे, याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

आक्षेप जुना आहे आणि अगदीच पोकळ नाही. बापाने भाकरी मिळवावी, धाक राखावा. तोच लपंडावात रमला, तर मुलांस वळण कोणी लावावे? परंतु धाकाने मूल आज्ञा पाळते, मन उघडे करीत नाही. उलट, चार वर्षांच्या पोराशी झुंजताना बाप मुद्दाम चीत होतो, तेव्हा अंगी बळ असूनही ते आवरावे कसे, हा धडा पोर हसत हसत शिकते. छडीने तो देता येत नाही.

या संदर्भात परभणी जिल्ह्यातील गंगाखेडचे स्मरण होते. गोदाकाठचे हे गाव संत जनाबाईचे जन्मस्थान. परंपरा सांगते की, वडील दमा यांनी तिला लहानपणीच पंढरपुरास दामाशेटींच्या घरी ठेविले. बापाचे घर असे सुटलेल्या या दासीने विठ्ठलाचे जे चित्र रेखिले, ते सिंहासनावरील राजाचे नव्हे, तर लेकुरवाळ्या पुरुषाचे आहे : कोणी खांद्यावर, कोणी कडेवर, कोणी करांगुळी धरून. बालपणी जे हातचे गेले, तेच तिने देवाच्या ठायी पाहिले, असे आम्हांस वाटते.

पण याच जनाबाईच्या अभंगांत आणखीही एक गोष्ट आहे. तो देव केवळ लाड करीत नाही. तिच्यासवे दळू लागतो, शेण्या वेचतो, तिची डोईही विंचरतो. खरी कसोटी येथेच आहे. आईने भांडी घासावी आणि बापाने पोरांस हसवावे, ही वाटणी न्याय्य नव्हे. तीत गोडी एकाची आणि शीण दुसऱ्याचा. जो पोरास न्हाऊ घालतो, तापात त्याच्या उशाशी जागतो आणि मग घोडा होतो, त्याच्या खेळास मोल आहे. कामापासून तुटलेला खेळ हा पाहुण्याचा खेळ होय.

कायद्याची दृष्टीही हळूहळूच बदलत आहे. २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार मातेची प्रसूतिरजा पहिल्या दोन अपत्यांपुरती २६ आठवड्यांची झाली. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यास पितृत्वरजा मात्र १५ दिवसांचीच आहे. आणि मराठवाड्यातून ऊसतोडीस जाणाऱ्या कित्येक जोडप्यांस गाळपाचा हंगाम संपेतो पोरे आजीपाशी ठेवावी लागतात. त्यांच्या दृष्टीने बापाचे घरी असणे हेच दुर्मीळ भाग्य.

ते भाग्य ज्यांस लाभले, त्यांनी एका शब्दाचे भय का बाळगावे? पंढरीचा देव विटेवर उभा आहे खरा. पण जनीच्या जात्यापाशी तोही बसलाच होता.