खोडलेले अक्षर आणि अभाव

खोडलेले अक्षर नष्ट होते की केवळ दिसेनासे होते, हा प्रश्न मुळशी तालुक्यातील हिंजवडीत संगणकासमोर बसणाऱ्या प्रोग्रामरला सहसा पडत नाही. तथापि त्याच्या हातातील साधनाने या प्रश्नाचे एक उत्तर गृहीत धरलेले असते. ब्राम मोलेनार यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘व्हिम’ या मजकूर-संपादकात लेखनाची आणि आज्ञेची अवस्था वेगळी असून, आज्ञेच्या अवस्थेत ‘एक्स’ ही कळ दाबल्यास एक अक्षर आणि ‘डी’ दोनदा दाबल्यास संपूर्ण ओळ निघून जाते. मात्र निघालेली ओळ ‘रजिस्टर’ नावाच्या साठ्यात राहते आणि ‘पी’ दाबताच परत येते.

ही तीच ओळ काय? भारतीय दर्शने याची वेगवेगळी उत्तरे देतात. प्रध्वंसाभावाला, म्हणजे वस्तू नष्ट झाल्यावर उरणाऱ्या तिच्या अभावाला, आरंभ आहे पण अंत नाही असे मानणारा नैयायिक परतलेल्या ओळीला नवी ओळ म्हणेल. नाश म्हणजे कार्याचा कारणात लय, असे मानणारा सांख्य रजिस्टरकडे बोट दाखवील. मीमांसकाचे तर काम आणखी सोपे आहे, कारण त्याच्या मते वर्ण नित्य असून निघून जाते ती केवळ त्यांची अभिव्यक्ती.

या वादाची खरी कसोटी पोथ्यांत लागते. संत एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इ. स. 1584 च्या सुमारास, ज्ञानेश्वरीतील अपपाठ काढून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत कोणी स्वतःची ओवी घालू नये असेही बजावले, तरीही वि. का. राजवाडे यांनी 1909 मध्ये एकनाथपूर्व मानलेली प्रत छापली आणि निराळे पाठ वाचकांपुढे आले. एका प्रतीत गाळलेले दुसरीत टिकते, हे पाहता मजकुराबाबत सांख्यमत अधिक पटणारे आहे, परंतु साठा शिल्लक असेपर्यंतच.

व्हिमलाही ही मर्यादा चुकलेली नाही. खोडलेल्या ओळींसाठी त्यात नऊ क्रमांकित रजिस्टरे असतात आणि दहाव्यांदा ओळ खोडताच सर्वांत जुनी बाहेर पडते; शिवाय ‘कृष्णविवर’ नावाचे एक रजिस्टर असे आहे की त्यात टाकलेले काहीच साठवले जात नाही. अशी ओळही ‘यू’ दाबून परत आणता येते, पण तो पूर्ववत करण्याचा इतिहास, वेगळी सोय करून ठेवली नसेल तर, संपादक बंद होताच संपतो.